दारूबंदीच्या जिल्ह्यात उपचाराची वाट

महात्मा गांधी आणि विनोबा भावे यांची कर्मभूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी लागू आहे. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये आली, आणि चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला येऊन मे २०२१ मधल्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठली. ही बंदी यशस्वी की अयशस्वी, हा वाद विदर्भात अधूनमधून पेटतो आणि त्यात दोन्ही बाजूंचे लक्ष बाटलीवरच खिळलेले असते. ती कोणत्या सीमेवरून आली, कोणी विकली, किती लिटर सडवा नष्ट झाला, शासनाचा किती महसूल बुडाला, याचे हिशेब दोन्हीकडे तयार असतात. ज्याला ती दारू प्यायल्याशिवाय दिवस काढता येत नाही, अशा माणसाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र या वादात क्वचितच कोणी विचारतो. व्यवहारात त्याचे उत्तर पोलीस ठाण्यात दिले जाते, कारण दारूबंदीच्या जिल्ह्यात व्यसनी माणसाची गाठ ज्या सरकारी कचेरीशी सर्वांत आधी आणि वारंवार पडते, ती पोलीस ठाणे हीच असते. त्यामुळे अशा माणसाला खटल्याच्या वाटेवरून उपचाराच्या वाटेवर वळवायचे असेल, तर त्या कामाला पोलिसांचा पाठिंबा मिळतो की नाही, यावर बरेच काही अवलंबून आहे.

वर्ध्याच्या बाबतीत या प्रश्नाला एक वैचारिक पूर्वपीठिकाही आहे. डिसेंबर १९४१ मध्ये सेवाग्रामहून बारडोलीला जाताना आगगाडीत गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमावरची छोटी पुस्तिका लिहिली, आणि तीत जातीय ऐक्य व अस्पृश्यतानिवारण यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान दारूबंदीला दिले. पुस्तिकेतल्या दारूबंदीच्या प्रकरणात कायदा आणि शिक्षा यांवर भर नाही. व्यसनात अडकलेल्या लाखो लोकांचे भवितव्य भावी सरकारवर सोडून चालणार नाही, दारूडा आणि अफूबाज यांना व्यसनापासून सोडवण्याचे मार्ग डॉक्टरांनी शोधले पाहिजेत, आणि थकल्याभागल्या श्रमिकांसाठी अल्पोपाहाराची व करमणुकीची ठिकाणे उभी राहिली पाहिजेत, असा त्याचा रोख आहे. म्हणजे ज्या विचारातून जिल्ह्यातली बंदी जन्माला आली, त्या विचारात उपचार आणि विरंगुळा या दोन्ही गोष्टी बंदीच्या बरोबरीने होत्या. पुढे शासनाने त्यातली बंदी तेवढी घेतली, बाकीच्या दोन गोष्टी पुस्तिकेत राहिल्या.

याचे एक कारण कायद्याच्या घडणीत सापडते. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, त्यात डॉक्टरला मुख्यतः दोन कामे आहेत. आरोग्याच्या कारणास्तव दारू बाळगण्याचा परवाना हवा असेल तर प्रमाणपत्र देणे हे एक, आणि पोलिसांनी आणलेल्या संशयिताची तपासणी करून रक्ताचा नमुना घेणे हे दुसरे. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक असल्याचे सिद्ध झाले, तर प्यायलेला पदार्थ औषधी किंवा तत्सम स्वरूपाचा होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. पहिल्या कामात डॉक्टर पिण्याला मुभा देतो आणि दुसऱ्यात पिण्याचा पुरावा गोळा करतो. पिणे सोडवणारा डॉक्टर मात्र या चौकटीत दिसत नाही.

पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत हा कायदा काही ठरावीक कलमांच्या रूपाने वावरतो. कलम ६५ (ई) हे मुख्यतः विक्री करणाऱ्या आणि दारू बाळगणाऱ्या व्यक्तीला लागते, ६६ (१) (ब) हे सेवन करणाऱ्यालाही लागते, आणि ८५ हे सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करणाऱ्याला. बीट अंमलदार एखाद्याला घेऊन आला की पंचनामा, वैद्यकीय तपासणी, मुद्देमालाची नोंद, नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवायचा नमुना, दोषारोपपत्र आणि मग न्यायालयातल्या तारखा, असा क्रम सुरू होतो. त्यात पंच फितूर होण्याची शक्यता कायम असते. हे सारे श्रम जिच्यावर खर्च होतात ती व्यक्ती काही आठवड्यांनी पुन्हा त्याच अवस्थेत सापडावी, हा अनुभव ठाणेदारापासून शिपायापर्यंत कोणालाच नवा नसतो. उपचाराकडे वळवण्याची भाषा पोलिसांपुढे करुणेच्या अंगाने मांडली जाते, तेव्हा ती बहुधा फुकट जाते. पण याच निरर्थक फेऱ्याचा विषय निघाला की कान टवकारले जातात, कारण ती तक्रार आधीपासून त्यांचीच असते.

करुणेपेक्षा अधिक ठोस असे आणखी एक कारण आहे आणि ते कोठडीतले आहे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू मद्यार्काच्या सततच्या उपस्थितीशी जुळवून घेतो, आणि दारू एकाएकी तुटली की हे संतुलन ढासळते. यातून उद्भवणाऱ्या त्रासाला वियोगलक्षणे किंवा दवाखान्याच्या बोलीत विड्रॉवल म्हणतात. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि झोप उडणे सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत काहींना फेफऱ्यासारखे झटके येतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान थोड्या रुग्णांमध्ये डेलिरियम ट्रेमेन्स ही अवस्था येते. तीत भान हरपते, नसलेली माणसे आणि किडे दिसू लागतात, ताप व रक्तदाब वाढतो, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यू येऊ शकतो. अटक झालेल्या व्यक्तीला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, हे लक्षात घेतले तर हा वैद्यकीय कालक्रम आणि कायद्याचा कालक्रम किती नेमके एकमेकांवर बसतात ते दिसते. थरथर सुरू होते ती पोलीस कोठडीत, आणि जामीन न मिळाल्यास भ्रमाचे दिवस येतात ते कारागृहात. बाहेरून पाहणाऱ्याला हा आरडाओरडा दारूची नशा न उतरल्याचा वाटतो, प्रत्यक्षात तो दारू उतरल्याचा असतो. बेंझोडायझेपिन गटातली औषधे आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व यांच्या साह्याने हा टप्पा सुरक्षितपणे पार करता येतो, आणि ही औषधे दुर्मीळ नाहीत. मात्र ती देण्यासाठी हा माणूस आजारी आहे हे कोणाच्या तरी वेळीच ध्यानात यावे लागते.

कोठडीत मृत्यू झाला तर त्याची माहिती चोवीस तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला द्यावी लागते, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते, आणि ज्या अंमलदाराच्या पाळीत ते घडले त्याची नोकरी पणाला लागते. म्हणून उपचाराकडे वळवण्याच्या कल्पनेची पोलिसांशी ओळख करून देण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग कोठडीच्या सुरक्षिततेतून जातो. अटकेच्या वेळी विचारायचे चार-पाच प्रश्न (रोज पितो का, शेवटचे केव्हा घेतले, पूर्वी झटके आले होते का, सकाळी हात थरथरतात का) आणि होकारार्थी उत्तर आले तर कोणत्या दवाखान्यात न्यायचे याची ठरलेली वाट, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. ज्याने हे प्रश्न विचारले, त्याने त्या माणसाला नकळत रुग्ण मानलेले असते.

त्या दवाखान्याची वाट किती थोड्यांना सापडते, हे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसते. मद्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ व्यक्तींपैकी एकीलाच कसली ना कसली मदत मिळाली होती, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेल्यांचे प्रमाण सुमारे १८० मध्ये एक इतके होते. वर्ध्याची स्थिती या बाबतीत अनेक जिल्ह्यांपेक्षा बरी आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही शिक्षणसंस्था वर्धा शहराच्या जवळच आहेत, शहरात जिल्हा सामान्य रुग्णालयही आहे, आणि शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात वर्ध्याचा समावेश असल्याने गावातल्या आशा कार्यकर्तीपासून समुपदेशकापर्यंतची एक साखळी निदान कागदावर तरी आखलेली आहे. अडचण अंतराची आहे. आष्टी, कारंजा (घाडगे) किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या मजुराला सेवाग्राम गाठायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते. एकाच जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये असूनही व्यसनी माणसाची सरकारशी पहिली भेट पोलिसामार्फत व्हावी, यातली विसंगती जिल्ह्याने फारशी मनाला लावून घेतलेली नाही.

पोलिसांच्या मनातली पुढची शंका कायदेशीर असते, आणि ती रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक ठरवले, तेव्हा ‘सोडून दे आणि दवाखान्यात पाठव’ असे तोंडी सांगणाऱ्या समाजसेवकाचे ऐकून अंमलदार स्वतः अडचणीत येऊ शकतो. अमली पदार्थांच्या बाबतीत कायदा स्वतःच वाट देतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ३९ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला न्यायालय तिच्या संमतीने शासकीय वा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचारासाठी सोडू शकते, आणि कलम ६४ अ नुसार स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळते, मात्र उपचार अर्धवट टाकले तर ते काढून घेता येते. अल्प प्रमाण म्हणजे किती, तेही ठरलेले आहे. गांजासाठी एक किलो आणि हेरॉइनसाठी पाच ग्रॅम. दारूबंदी कायद्यात अशी सोय नाही, आणि त्यामुळे असा विपर्यास उद्भवतो की ब्राउन शुगर ओढणाऱ्याला कायद्याने उपचाराचे जे दार ठेवले, ते वर्ध्यात मोहाची दारू पिणाऱ्या शेतमजुराला नाही.

तरीही दारूच्या गुन्ह्यात उपचाराला जागाच नाही, असे म्हणणे चूक ठरेल. गुन्हा नोंदवल्यावर अटक केलीच पाहिजे असे नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) खाली हजर राहण्याची नोटीस देता येते, आणि अशा प्रकारच्या नोटिशीचा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ पासूनच धरला आहे. न्यायालयापुढे १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. परिवीक्षा म्हणजे शिक्षा न देता, चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर आणि अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडणे, आणि त्या बंधपत्रात नशेपासून दूर राहण्याची अट घालण्याचा स्पष्ट उल्लेख अधिनियमाच्या चौथ्या कलमात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तर मद्यधुंद अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करण्यासाठी कलम ३५५ मध्ये समाजसेवा हीदेखील शिक्षा म्हणून मान्य केली आहे. यांपैकी कोणतीही तरतूद पोलिसांना गुन्हा दाबण्यास सांगत नाही. नोंद होते, आणि नोंदीनंतरचा रस्ता बदलतो. पोलिसांचा पाठिंबा मिळवू पाहणाऱ्याने हा भेद पहिल्याच बैठकीत स्वच्छपणे मांडला नाही, तर दुसरी बैठक होत नाही.

महाराष्ट्राच्या पोलिसांना वाद न्यायालयाबाहेर वळवण्याचा अनुभव नाही असेही नाही. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या झाल्या, मिटलेल्या तंट्यांची नोंद आणि मूल्यमापन होऊ लागले आणि गावांना पुरस्कार मिळू लागले. पोलीस यंत्रणेने ती मोहीम उचलली त्यामागे गृहखात्याचा आदेश होता हे खरेच, परंतु मिटवलेला तंटा हे पहिल्यांदाच मोजले जाणारे काम झाले हेही तितकेच खरे. मासिक गुन्हे आढावा बैठकीत दारूबंदीचे किती गुन्हे दाखल झाले आणि किती मुद्देमाल जप्त झाला एवढेच विचारले जात असेल, तर ठाणेदार तेवढेच वाढवील. त्याच तक्त्यात उपचारासाठी पाठवलेल्या आणि प्रत्यक्ष पोहोचलेल्या व्यक्तींचा एक रकाना आला, तर तो रकानाही भरला जाईल. तंटामुक्तीतला धोका मात्र येथेही आहे. तंटा मिटल्याचा आकडा हवा म्हणून मार खाणाऱ्या बाईला तडजोड करायला लावणे जसे सोपे होते, तसेच उपचाराचा आकडा हवा म्हणून मारणाऱ्या नवऱ्याला रुग्ण ठरवून मोकळे करणेही सोपे होईल.

हा आक्षेप वर्ध्यात सर्वांत आधी स्त्रियाच घेतील, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. जिल्ह्यातील गावोगावच्या दारूबंदी महिला मंडळांनी विक्रेत्यांच्या घरावर धडक दिली, मडकी फोडली, पोलिसांना बोलावून आणले आणि कारवाई झाली नाही तर ठाण्यापुढे ठिय्या दिला. त्यांच्या दृष्टीने पोलिसांची ढिलाई हाच मूळ रोग आहे. त्यांना उपचाराची योजना म्हणजे पोलिसांसाठी नवी पळवाट वाटली, तर दोष त्यांचा नाही. म्हणून विक्रेता आणि व्यसनी यांच्यातली रेषा, तसेच नशा आणि हिंसा यांच्यातली रेषा, दोन्ही आधीच आखून घ्याव्या लागतात. पिण्यावर उपचार होऊ शकतो, मारहाणीवर गुन्हाच लागला पाहिजे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण उपचार सुरू असतानाही कायम राहिले पाहिजे. एवढी हमी दिली तर याच स्त्रिया योजनेच्या सर्वांत भक्कम आधार ठरू शकतात, कारण नवरा तुरुंगात जावा असे फार थोड्या जणींना वाटते. तो प्यायचा थांबावा हे सगळ्यांना वाटते. महिलांच्या तक्रारींसाठीच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशक असतातच, तेव्हा व्यसनाची विचारपूस तेथूनही सुरू होऊ शकते.

विक्रेता आणि व्यसनी यांच्यातली रेषा कागदावर जितकी सरळ असते तितकी गावात नसते. स्वतःच्या दारूचा खर्च भागवण्यासाठी सीमेपलीकडून चार पव्वे जास्त आणून विकणारा माणूस दोन्ही बाजूंना असतो, आणि मोहाची दारू गाळण्यावर ज्यांचे पोट आहे अशा पारधी बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, सडवा नष्ट करण्याच्या ‘वॉश आउट’ मोहिमेची धाड पडते तेव्हा तेथल्या व्यसनी माणसाचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. अशा समाजांवरचा १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, नजरेतून पुसायला फार वेळ लागत आहे. कोणाला गुन्हेगार मानायचे आणि कोणाला रुग्ण, हा निवाडा अंमलदाराच्या मर्जीवर सोडला तर ओळखीचा, जमीनवाला, शिकलेला माणूस रुग्ण ठरेल आणि बेड्यावरचा आरोपी. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात २०११ मध्ये सुरू झालेला, पोलिसांनी अटकेऐवजी थेट मदतनिसाकडे सोपवण्याचा कार्यक्रम वंशभेदाच्या अशाच तक्रारींवरून झालेल्या न्यायालयीन झगड्यातून निघाला, आणि त्यात पात्रतेचे निकष लिहून ठेवावे लागले ते याच कारणाने. पोलीस, सरकारी वकील आणि बचावपक्षाचे वकील एकाच टेबलाशी बसून तो चालवतात, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट. तिथले पैसे आणि मनुष्यबळ वर्ध्याला मिळणार नाही, हेही स्पष्टच आहे.

भारतातले दाखले अधिक उपयोगाचे आहेत. केरळात उत्पादन शुल्क खाते, म्हणजे दारूचे गुन्हे पकडणारेच खाते, ‘विमुक्ती’ या मोहिमेखाली चौदाही जिल्ह्यांत व्यसनमुक्ती केंद्रे चालवते, आणि त्यामुळे पकडणे व सोडवणे ही एकाच खात्याची दोन कामे झाली आहेत. बिहारचा अनुभव उलट्या बाजूने बोलका आहे. २०१६ मध्ये कडक बंदी आली, जिल्ह्याजिल्ह्यांत व्यसनमुक्ती केंद्रेही उघडली, पण पिणाऱ्यांच्या अटकांनी तुरुंग आणि न्यायालये इतकी तुंबली की २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून पहिल्यांदा सापडलेल्याला दंडावर सोडण्याची तरतूद करावी लागली. दंड भरून माणूस घरी जातो, केंद्रात जाईलच असे नाही. सुटका आणि उपचार यांची सांगड घालण्याची संधी तेथे कायदा दुरुस्त करतानाच हुकली.

सर्वांत जवळचा धडा गडचिरोलीचा आहे, आणि तो एका अर्थाने वर्ध्याचाच आहे, कारण गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांचे बालपण वर्धा-सेवाग्रामच्या परिसरात गेले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने महाराष्ट्र शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्यासह २०१६ मध्ये मुक्तिपथ हे अभियान सुरू केले, ज्यात जनजागृती, गावाची सामूहिक कृती, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनींवर उपचार ही चार कामे एकत्र गुंफलेली आहेत. बाराही तालुक्यांत कार्यकर्त्यांची फळी, तालुक्याच्या ठिकाणी उपचाराचे क्लिनिक आणि गावपातळीवरची शिबिरे अशी त्याची रचना आहे. पोलिसांच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की अवैध विक्रीविरुद्ध मदत मागणारी आणि व्यसनीला उपचार देणारी संघटना एकच असते. जी माणसे आज विक्रेत्याची माहिती देतात तीच उद्या ‘याला क्लिनिकला पाठवा’ असे सांगतात, तेव्हा ते ऐकले जाते. उपचाराची मागणी बंदीच्या विरोधकाकडून आली तर पोलिसांना ती बंदी मोडीत काढण्याची युक्ती वाटते. बंदीच्या पाठीराख्याकडून आली तर ती अंमलबजावणीचाच भाग वाटते.

उपचाराच्या बाबतीत पोलिसांचे काम कोठे संपते, हेही ठरलेले असावे लागते. मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मद्य आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी संबंधित अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला, व्यसनमुक्ती केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, आणि भटकत असलेल्या मानसिक रुग्णाला संरक्षणाखाली घेऊन चोवीस तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकताना त्याला कोठडीत डांबण्यास मनाई केली. पण त्याच कायद्यात दाखल होण्याबाबतचा रुग्णाचा निर्णय शक्य तितका त्याच्याकडेच ठेवला आहे, म्हणून गाडीत घालून केंद्रात टाकून येणे म्हणजे वळवणे नव्हे. वर्दीतला माणूस फार तर दारापर्यंत नेऊ शकतो, आणि दाराशी कोणी नसेल तर दुसऱ्यांदा तो नेणारही नाही. रात्री अकरा वाजता आष्टीच्या ठाण्यातून केलेला फोन कोण उचलणार, खाट आहे की नाही हे कोण सांगणार, दुसऱ्या दिवशी तो माणूस आला की नाही हे ठाण्याला कोण कळवणार, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे सेवाग्राम, सावंगी आणि जिल्हा रुग्णालय यांच्या मनोविकार विभागांकडून लेखी मिळाल्याशिवाय पोलीस अधीक्षकांनी काढलेल्या कोणत्याही परिपत्रकाला अर्थ येणार नाही.

शेवटची आणि कदाचित सर्वांत अवघड तयारी घसरणीची आहे. उपचार घेतलेला माणूस पुन्हा पिऊ लागणे हा या आजाराच्या स्वभावाचाच भाग आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या, १९८६ पासून हे काम करणाऱ्या संस्था पाठपुराव्यावर भर देतात तो त्यामुळेच. ज्या ठाण्याने एखाद्याला दवाखान्यात पाठवले आणि तीन महिन्यांनी तोच बसस्थानकाबाहेर पडलेला सापडला, त्या ठाण्यात पहिली प्रतिक्रिया ‘आम्ही म्हणालोच होतो’ अशी असणार. पोलिसांना यशाचे एकच माप ठाऊक असते, गुन्हा उघडकीस आला किंवा नाही, आणि येथे यश म्हणजे दोन घसरणींमधले अंतर वाढणे, मजुरी घरी पोहोचणे, कोठडीत झटका न येणे. हे माप पोलीस प्रशिक्षणात शिकवले जाऊ शकते, आणि ते शिकवताना सभागृहात बसलेल्यांपैकी काहींना स्वतःच्या घरातले किंवा स्वतःचेच पिणे आठवेल, कारण पाळीची नोकरी, बंदोबस्त आणि हाताशी असलेला मुद्देमाल यांच्यामध्ये वावरणारा हा वर्ग व्यसनापासून सुरक्षित नाही. पोलीस कर्मचाऱ्याला नोकरी न गमावता आणि नाव उघड न होता उपचार मिळण्याची सोय आधी झाली, तर कोठडीतल्या माणसाच्या थरथरत्या हातांकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलण्यास व्याख्यानाची फारशी गरज उरणार नाही.